घरची बाराखडी

लहान मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचे, असे एखाद्या ख्रिस्ती जोडप्याने ठरवले की गिरगाव-दादरकडे लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. शेजाऱ्यांना ते अमेरिकेहून आलेले खूळ वाटते. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांचा आक्षेप याहून जड असतो : ज्यांनी या शहराला शाळेची वाट दाखवली, त्यांच्याच नातवंडांनी शाळेकडे पाठ फिरवायची? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्याच मिशनने १८२४ मध्ये इथे मुलींची शाळा काढली आणि सिंथिया फॅरार १८२७ च्या अखेरीस आल्या त्या मुलींना शिकवण्यासाठीच. पाठोपाठ १८२९ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन आणि मार्गारेट विल्सन आले. मार्गारेटबाई १८३५ मध्ये वारल्या. म्हणजे हाताशी जेमतेम सहा वर्षे, आणि तेवढ्यात त्यांनी मुलींच्या शाळा उभ्या करून दाखवल्या. चौपाटीचे विल्सन कॉलेज आणि गावदेवीची सेंट कोलंबा शाळा ही दोन्ही त्याच कामातून वाढली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती १०,८०,०७३ भरले, शेकडा एकालाही थोडे कमीच. एवढ्या लहान समाजाला शहरात जो मान आहे तो मुख्यतः शाळा आणि दवाखान्यांमुळे. अशा समाजातले आईबाप मुलाला शाळेत घालत नाहीत म्हटल्यावर त्यांनी कारण सांगायला हवे, आणि ते कारण चांगले असायला हवे.

पुढच्या पानांत धडे, वेळापत्रके आणि साहित्याची माहिती येईल. प्रस्तावनेचे काम त्याआधीचे, म्हणजे हे करावे तरी का, एवढेच पाहण्याचे. माझे म्हणणे असे, की मराठी ख्रिस्ती घरात मुलांना शिकवण्याचा वारसा मिशनच्या शाळांहून जुना आहे, आणि साधारण आठव्या वर्षापर्यंत तो चालवायला आजही सबळ कारणे आहेत. मात्र बरीच जोडपी ज्या कारणाने हा निर्णय घेतात, म्हणजे मुलाला बाहेरचा वारा लागू नये म्हणून, ते कारण या वारशातून निघत नाही. उलट त्या वारशाचा पुरावा नेमका दुसऱ्या बाजूला जातो.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राशोल येथे छापले गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे सुटली होती, त्यांच्या जागी वाचायला-ऐकायला आपल्या भाषेत काही द्या, अशी मागणी धर्मशिक्षणाला येणाऱ्यांकडूनच झाली आणि त्यातून हा हजारो ओव्यांचा ग्रंथ तयार झाला. ओवी ही जात्यावरची, म्हणून-म्हणून पाठ होणारी. तिला फळा-खडू लागत नाही. मुंबईच्या वाड्यांतल्या ईस्ट इंडियन कॅथलिक घरांतही धर्मशिक्षण कित्येक पिढ्या तोंडीच चालले. संध्याकाळी क्रुसापुढे आजी रोझरी सांगायची आणि पोरे मागून म्हणायची. प्रोटेस्टंट मराठी घरांत याला पुस्तकाची जोड मिळाली. पवित्र शास्त्र वाचता आले पाहिजे, हा तिथला दंडक. त्यामुळे ज्या घरात कालपर्यंत एकही अक्षर नव्हते तिथे कौटुंबिक उपासनेच्या निमित्ताने रोज अर्धा तास वाचन सुरू झाले. ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक १८७३ मध्ये निघाले ते अशाच घरांच्या भरवशावर. लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण तर सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईला नवऱ्याने घरी अक्षरे शिकवली. पुढे तिने ‘स्मृतिचित्रे’ लिहिली आणि नारायण वामन टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुरे केले. मराठी गद्यातल्या सर्वांत जिवंत पुस्तकांपैकी एक अशा रीतीने घरी शिकलेल्या हातून उतरले आहे. टिळकांच्या अध्यापनाची रीत धरसोडीची होती आणि शिष्येलाही शुद्धलेखनाची फारशी पर्वा नव्हती, हे जाता जाता नोंदवलेले बरे. घरी शिकवणे म्हणजे नीटनेटके वेळापत्रक, अशी ज्यांची समजूत असेल त्यांना त्यातून धीर येईल.

याहून बोलके उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. त्यांच्या आई लक्ष्मीबाई डोंगरे यांना पती अनंतशास्त्र्यांनी संस्कृत शिकवले, समाजाचा रोष ओढवून घेतला आणि गंगामूळच्या रानात संसार थाटला. वडील थकल्यावर आठ वर्षांच्या रमेला शिकवण्याचे काम आईकडे आले. घरात विद्यार्थी, पाहुणे, यात्रेकरू. दिवसभर उसंत नाही. मग पाखरे जागी व्हायच्या वेळेला झोपेने जड झालेल्या मुलीला जमिनीवरच्या अंथरुणातून उचलून, लाडाने जागे करून आई पाठ म्हणवून घ्यायची. पुस्तक नाही, आईच्या तोंडून ऐकायचे आणि म्हणायचे. रमाबाईंच्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या १८८७ च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत हे वर्णन आले आहे. रमाबाई त्या वेळी ख्रिस्ती नव्हत्या, तेव्हा हे उदाहरण आपल्या विषयाला कसे लागू, असे कोणी विचारील. पण पुढचा भाग पाहा. घरी शिकलेल्या या मुलीने ख्रिस्ती झाल्यावर, ११ मार्च १८८९ रोजी, गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन काढले. विधवांसाठी वसतिगृह आणि शाळा असे त्याचे रूप. तिथे आलेल्या पहिल्या विधवांपैकी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी, बाया कर्वे, झाल्या. घरच्या शिक्षणाचे फळ म्हणून एक शाळा उभी राहिली. ज्या आईने मुलीला पहाटे उठवून शिकवले तिने मुलीला घरात कोंडण्यासाठी शिकवले नव्हते.

आता धर्माचा मुद्दा. मुलाच्या श्रद्धेवर पहिला हक्क आईबापांचा, हा घरी शिकवणाऱ्यांचा मुख्य आधार असतो, आणि चर्चचेही मत तेच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मधल्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात आईबापांना मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक म्हटले. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा मुलांना घरात बसताना आणि वाटेने चालताना सांगायला लावले आहे. मुंबईकरांना मात्र या हक्काची दुसरी बाजूही माहीत असायला हवी, कारण तो हक्क याच शहरात कोर्टात लढवला गेला आहे, आणि तेव्हा मिशनरी विरुद्ध बाजूला होते. १८३९ मध्ये विल्सनसाहेबांच्या शाळेतल्या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. शहर खवळले, आणि पालकांनी भराभर मुले काढून घेतली. त्यांतल्या धनजीभाई नवरोजींचे प्रकरण कोर्टात गेले. मुलगा सोळा-सतरा वर्षांचा, कळता. त्याला हवे तिथे जाण्याची मोकळीक मिळाली. चार वर्षांनी ब्राह्मण तरुण नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहू लागला. तो बारा वर्षांच्या आसपासचा. या वेळी कोर्टाने मुलाला वडिलांच्या हवाली केले. मग त्याला जातीत परत घ्यायचे की नाही यावर बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले आणि ब्रह्मवृंदाचा रोष त्यांनी पत्करला. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की एक रेघ दिसते : लहान मूल आईबापांचे, कळते मूल स्वतःचे. तेव्हा हिंदू आणि पारशी पालकांनी मिशनच्या शाळेपासून जो हक्क राखू पाहिला तोच आज ख्रिस्ती पालक मागतात. तो त्यांना मिळालाच पाहिजे. पण सोळाव्या वर्षी मुलाने आपला रस्ता धरला तर तीही मुभा त्याच निकालांनी दिली आहे. पहिल्या निकालाने दुखावलेल्या पारशी आईबापांचे दुःख ज्याला समजते त्यानेच दुसऱ्याचा आधार घ्यावा.

ख्रिस्ती घरातही हा वाद झाला आहे, आणि तोही रमाबाईंच्याच. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे रमाबाई आणि लहान मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. मुलीला काय शिकवायचे यावर तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन आणि रमाबाई यांच्यात पत्रांतून खडाजंगी चालली. ती पत्रे ए. बी. शहा यांनी संपादित केली आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. सिस्टरना मुलीच्या शिक्षणात चर्चची शिकवण ठाम हवी होती. जे स्वतःला पटलेले नाही ते मुलीच्या डोक्यात घालू नका, असे रमाबाईंचे म्हणणे. शिवाय मुलगी परकी होऊ नये, आपल्या देशाची लाज तिला वाटू नये, हा त्यांचा आग्रह. आईचा हक्क म्हणजे काय याचे इतके चांगले विवेचन मराठी ख्रिस्ती इतिहासात दुसरीकडे क्वचितच सापडेल. तो हक्क त्यांनी धर्मगुरूच्या दडपणाविरुद्ध वापरला, आणि श्रद्धेइतकाच जोर देशावर दिला. आजच्या आईबापांनी ही पत्रे वाचावीत. घरी शिकवणे म्हणजे पाठांतर पक्के करणे, असे ज्यांना वाटते त्यांना ती अडचणीची वाटतील.

मग आजची सबळ कारणे कोणती? पहिले कारण वय. दादरला हिंदू कॉलनीत १९३६ मध्ये ताराबाई मोडकांनी शिशुविहार सुरू केले तेव्हा लहान मुलाला बाकावर डांबून शिकवू नये, हे मुंबईला कळायला हवे होते. नव्वद वर्षे होत आली. आजही तीन वर्षांच्या मुलाच्या प्रवेशासाठी आईबाप मुलाखती देत फिरतात आणि ज्युनिअर केजीतल्या पोराच्या पाठीवर दप्तर असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानला, खेळ आणि मातृभाषा यांवर भर दिला. पण शाळांतले पहिलीचे वर्ग अजून जुन्या चालीने चालतात. सुझॅना वेस्लीने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या एपवर्थच्या धर्मगृहात आपली मुले स्वतः शिकवली, मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली त्यांतलाच. पाच वर्षे पुरी होईपर्यंत ती अक्षराला हात लावू देत नसे. पाचवा वाढदिवस झाला की दुसऱ्या दिवशी घर आवरून, नऊ ते बारा आणि दोन ते पाच, कोणी मध्ये यायचे नाही. बहुतेक मुले एका दिवसात मुळाक्षरे शिकत आणि लगेच उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाला लागत. तिची शिस्त आजच्या माणसाला करकरीत वाटेल, मलाही वाटते. थांबण्याची तिची अक्कल मात्र घेण्यासारखी आहे.

दुसरे कारण भाषा, आणि माझ्या मते हेच मोठे. मुंबईतली बहुतेक मराठी ख्रिस्ती मुले इंग्रजी शाळांत जातात. मराठी उपासनेत आजी ‘उपासना संगीत’ उघडून गाते आणि नातू पुस्तक हातात धरून ओठ हलवतो. देवनागरी त्याला येते, पण अडखळत, परीक्षेपुरती. टिळकांची गीते ज्या समाजाने महाराष्ट्राला दिली त्या समाजात ती वाचू न शकणारी पिढी वाढते आहे. हे घराने सुधारायचे, शाळा सुधारणार नाही. आणि इथेच घरी शिकवणाऱ्यांची चूक होते. ते इंटरनेटवरून अमेरिकन अभ्यासक्रमाची खोकी मागवतात : चकचकीत पुस्तके, पानापानावर वचन, आणि गणिताच्या उदाहरणात डॉलर आणि मैल. काही अभ्यासक्रमांत विज्ञानाच्या नावाखाली पृथ्वी सहा-सात हजार वर्षांची असल्याचे सांगितलेले असते, तेही तपासून घ्यावे लागते. लालबागच्या मुलाला आधी लालबाग वाचता आले पाहिजे. बेस्टच्या बसच्या कपाळावर नंबर देवनागरी आकड्यांत असतो. चार वर्षांच्या मुलाला ६ आणि ९ मधला फरक सांगायला बसस्टॉपवरची दहा मिनिटे पुरतात. दुकानांच्या पाट्या, दादरच्या फुलबाजारातले भाव, राणीच्या बागेतल्या पिंजऱ्यांवरची नावे, आणि घरी शास्त्रातली एखादी गोष्ट रोज स्वतःच्या शब्दांत सांगणे. शार्लट मेसन या इंग्रज ख्रिस्ती शिक्षिकेने हीच सांगण्याची रीत आपल्या अध्यापनाच्या मध्यभागी ठेवली होती. या रीतीला महागडे साहित्य लागत नाही, ऐकणारे माणूस लागते.

आक्षेपांकडे वळू. कायद्याचा आक्षेप सोपा नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तो सहा ते चौदा वयासाठी आहे आणि त्याच्या दहाव्या कलमाने मुलाला जवळच्या शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य ठरवले आहे. न घालणाऱ्या पालकाला शिक्षा मात्र सांगितलेली नाही. २०१२ मध्ये केंद्र सरकारने दिल्ली उच्च न्यायालयात, घरी शिकवणाऱ्यांच्या आड हा कायदा येत नाही, अशी भूमिका घेतली आणि पुढे ती बदलली. थोडक्यात, सहा वर्षांपर्यंत कोणाला विचारायचे कारण नाही, सहानंतर जमीन निसरडी आहे, आणि ‘आम्हांला कोणी काही करू शकत नाही’ असे सांगणाऱ्या सल्लागारांवर विश्वास ठेवू नये. पण याच कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे शाळेबाहेरच्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात थेट प्रवेश मिळतो. म्हणून मी आठव्या वर्षाची मर्यादा घातली : सहा ते आठ या दोन वर्षांचा धोका पत्करायचा की सहाव्या वर्षीच शाळा धरायची, हे ज्या त्या घराने उघड्या डोळ्यांनी ठरवावे. परीक्षेची चिंता त्या मानाने फुकाची आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालय १९८९ पासून आहे, आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसलेले मुंबईला नवे नाहीत. दादरच्या शाळेतून सातवीनंतर काढलेली एक मुलगी आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमध्ये पदके मिळवून २०१६ मध्ये थेट एमआयटीला गेली, ही बातमी सगळ्यांनी वाचली असेल. तिचा दाखला देताना हेही सांगितले पाहिजे की बारावी नसल्यामुळे आयआयटीचे दार तिला बंद होते.

खरा आक्षेप संगतीचा. मुलाला आपल्यासारखी नसलेली मुले भेटणार कुठे? जर्मनीत घरी शिकवायला बंदी आहे. तिथल्या कोनराड नावाच्या ख्रिस्ती कुटुंबाने युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली, पण २००६ मध्ये अर्ज दाखलच करून घेतला गेला नाही. समाजात वेगवेगळ्या समजुतींची बेटे होऊ नयेत यात सरकारचे हित आहे, हे जर्मन न्यायालयांचे म्हणणे मान्य झाले. बंदी मला पटत नाही, कारण पटते. मुंबईत हे कारण जास्तच लागू आहे. परळच्या चाळीत ख्रिस्ती घर एखादेच असते. त्या घरातल्या मुलाने गणपतीत शेजारच्या मुलांबरोबर आरतीला उभे राहायचे की नाही, हा प्रश्न त्याच्या आईबापांना दरवर्षी पडतो आणि दरवर्षी त्याचे उत्तर प्रेमाने द्यावे लागते. शाळेतून मूल काढून हा प्रश्न टळत नाही, फक्त त्याचे उत्तर देण्याची सवय मोडते. जे जोडपे मुलाला शेजारच्या घरात खेळायला पाठवत नाही त्याने घरी शिकवू नये, असे मी स्पष्ट म्हणेन.

उरला जागेचा आणि बाईच्या कष्टांचा प्रश्न. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिथे सुझॅना वेस्लीचे ‘कोणी मध्ये यायचे नाही’ हे वाक्य विनोद ठरते. दोघे कमावल्याशिवाय मुंबईत भागत नाही, आणि घरी शिकवायचे म्हणजे बहुधा आईनेच नोकरी सोडायची. फॅरारबाई आणि मार्गारेटबाई ज्या समाजासाठी झिजल्या त्या समाजातल्या शिकलेल्या बाईला पुन्हा चुलीपाशी बसवायचे आणि त्याला धर्माचे नाव द्यायचे, हे मान्य होण्यासारखे नाही. वडिलांनी सकाळचा तास घ्यावा, आजोबांनी दुपार सांभाळावी, दोन-तीन कुटुंबांनी वाटून घ्यावे; हे जमत नसेल तर बालवाडी बरी.

म्हणून या पुस्तकाच्या वाचकांत जे पाळक, फादर आणि मंडळीचे पंच असतील त्यांना एक विनंती आहे. गिरगाव, भायखळा, दादर येथील आपल्या चर्चच्या आवारांत रविवारच्या शाळेच्या खोल्या आहेत. सोमवार ते शनिवार त्यांना कुलूप असते. आठवड्यातल्या दोन-तीन सकाळी त्या उघडा, चटई टाका, मराठी पुस्तकांचे एक कपाट ठेवा, आणि घरी शिकवणाऱ्या कुटुंबांबरोबर आजूबाजूच्या चाळींतल्या कोणाही मुलाला येऊ द्या.